हाऊसफुल्ल, माणसं अकरा

१

मंगळवारी बाराच्या खेळाला थिएटरबाहेर ‘हाऊसफुल्ल’ची पाटी लागली होती आणि आत माणसं बसली होती अकरा.

अकरा म्हणजे अकरा. टॉर्चबाईने स्वतःच्या हातांनी तिकिटं फाडली होती आणि खेळ सुरू झाल्यावर अर्धुकं परत एकदा मोजली होती. बावीस वर्षं ती या दारात उभी. तिकीट फाडायचं, अंधारात टॉर्च मारून जागा दाखवायची, म्हणून टॉर्चबाई. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच सुखाने नांदत होतं.

सिनेमा कसा आहे हे कळायला तिला पडद्याकडे बघावं लागत नसे. अंधारात किती मोबाइल पेटलेत ते मोजायचं, झालं. मोठ्या हिरोच्या या नव्या हिंदी सिनेमाला शुक्रवारी मध्यंतराच्या आधीच अर्धं थिएटर उजळून निघालं होतं. साठीचा हिरो, पंचविशीची नायिका, विमानातून उडी, गाणं, पुन्हा उडी. बाहेर पडताना लोक तिलाच सुनवायचे, “काय हो हे? डोकं उठलं!” जसं काही हिनेच रात्री बसून लिहिलंय! “मी फक्त तिकीट फाडते बाबांनो,” ती म्हणायची, “गोष्ट फाडायचं काम दुसरीकडे होतं.”

तर असा हा सिनेमा सोमवारी हाऊसफुल्ल, मंगळवारी पुन्हा हाऊसफुल्ल. आणि आत कावळे उडतायत.

साडेबाराच्या सुमाराला तिच्या मागचा पडदा कुणीतरी बाजूला सारला. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणत. दोन दिवस धाकट्या बहिणीला घेऊन येत होत्या आणि दोन दिवस खिडकीवरून परत जात होत्या.

“काल जागा नाही, आज जागा नाही,” मोठ्या बाई अंधारात डोळे ताणून म्हणाल्या, “आणि हे काय आहे मग? या खुर्च्यांवर भुतं बसलीत?”

“बाई, देवाशपथ, मलाही कळत नाहीये.”

मोठ्या बाईंनी शांतपणे चष्मा पुसला, मोबाइल काढला आणि रिकाम्या थिएटरचा फोटो घेतला. संध्याकाळपर्यंत तो फोटो आणि खाली त्यांची एक ओळ, ‘मला सांगितलं जागा नाही’, हजारो लोकांनी पाहिली होती. रात्र व्हायच्या आत मालकांनी टॉर्चबाईला कचेरीत बोलावलं. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता आणि कागदावर पेन.

“वाचा आणि सही करा,” मालक म्हणाले. “नाहीतर शुक्रवारपासून येऊ नका.”

२

कागदावर दोनच ओळी होत्या. मंगळवारी बाराच्या खेळाला थिएटर पूर्ण भरलेलं होतं. फोटो खेळ सुटल्यानंतर काढलेला आहे.

“पण हे खोटं आहे,” टॉर्चबाई म्हणाली.

“कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. माझ्या चारशे बारा खुर्च्या, एकूण एक फर्स्ट क्लास. सगळ्या विकल्या गेल्या. तिकीट काढून लोक आले नाहीत त्याला मी काय करू?”

“मग फोटो खरा आहे, असं का नाही लिहीत?”

उत्तर दिलं कोपऱ्यातल्या माणसाने. तो सिनेमाच्या वितरकाचा माणूस. घाम गळत असला तरी गळ्यात टाय, म्हणून थिएटरात त्याला टायवाला म्हणत. “मावशी, तुम्हाला धंदा कळत नाही. शनिवार-रविवारी कुणीही भरतं. सिनेमाची खरी परीक्षा सोमवारी. सोमवारी पडला नाही तर दुसरा आठवडा मिळतो. त्या बाईंच्या फोटोने सगळीकडे बोंब झालीय.”

“चारशे माणसांना एकाच दुपारी एकदम काम निघालं होय?”

टायवाला गोड हसला. मधात घोळवून हसायचं त्याला चांगलं जमे.

टॉर्चबाईने पेन उचललं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं. सही केली तर मोठ्या बाई जगासमोर खोट्या ठरणार होत्या. नाही केली तर तिचं दार जाणार होतं. मुलगा परगावी कामाला, घरात सून आणि ती, आणि या वयात दुसरं दार कोण देतंय? तिला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणूनच राग आला.

“गुरुवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. “ही तिकिटं कुणी काढली ते मी शोधून देते. नाही जमलं तर सही करते, मग तर झालं?”

मालकांनी टायवाल्याकडे बघितलं, टायवाल्याने खांदे उडवले. बाई काय शोधणार, असं त्यातून स्वच्छ दिसत होतं. टॉर्चबाईच्या ते जिव्हारी लागलं.

संध्याकाळच्या खेळाला काय कमी ताप! मोबाइलवरून तिकीट काढून आलेला एक जाडजूड गृहस्थ नवव्या रांगेतल्या चौदा नंबरवर बसला आणि विंचू चावल्यासारखा उठला. खुर्चीतून स्प्रिंग वर आली होती, आज नाही, चार वर्षांपूर्वीच. तिने त्याला कडेला सुटी खुर्ची टाकून दिली.

“खिडकीवरून घेतलं असतंत तर काकांनी हा नंबर दिलाच नसता,” ती म्हणाली. “फोनला काय कळतंय, तो देतो आपला.”

बाहेर खिडकी बंद करत असलेल्या काकांना तिने कागदाची हकिगत सांगितली. खिडकीकाका तीस वर्षं तिकिटं विकत होते, आणि थिएटरात तिला जिवाभावाचं कुणी असेल तर तेच.

“सही कर आणि मोकळी हो गं,” काका तिच्याकडे न बघता म्हणाले. “कशाला विस्तवात हात घालतेस?”

काका असं कधी बोलले नव्हते.

३

बुधवारी सकाळी ती पहिल्यांदा गेली अध्यक्षाकडे. हा गावातल्या फॅन क्लबचा अध्यक्ष. धंदा केस कापायचा. दुकानात चार भिंतींवर हिरोचे बावीस फोटो, आणि आरशात धरले तर चव्वेचाळीस. इंटरनेटवर ही मंडळी स्वतःला पलटण म्हणवत. पलटणीने मोठ्या बाईंना काल रात्रीपासून काय काय ऐकवलं होतं ते सुनेने तिला वाचून दाखवलं होतं. म्हातारी दुसऱ्या हिरोची हस्तक. म्हातारीला पैसे मिळालेत. दुसऱ्या हिरोचे भक्तही काही कमी नव्हते. त्यांनी तोच फोटो लावून हवा तसा नाच चालवला होता. मधल्यामधे मोठ्या बाईंनी एकदाच लिहिलं होतं, ‘मी कुणाचीच नाही. मी फक्त सिनेमा बघायला आले होते.’ ते कुणी वाचलंच नाही.

“मावशी, आम्ही नाही काढली ती तिकिटं,” अध्यक्ष गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरूनच म्हणाला. “पलटण तिकीट काढते ती पहिल्या दिवशी, पहिला खेळ, पुढच्या तीन रांगा. पडद्यापुढे नाचता आलं पाहिजे. मंगळवारी बाराला कोण नाचतंय?”

“पण ‘हाऊसफुल्ल’चं चित्र सगळीकडे तूच टाकलंस.”

“टायवाल्यांनी पाठवलं, मी पुढे पाठवलं. हिरोसाठी एवढं करायला नको?”

टॉर्चबाईने गिऱ्हाइकाकडे बघून आवाज खाली आणला. “तू मंगळवारी आत होतास. सहावी रांग. मीच तिकीट फाडलं तुझं. मध्यंतरानंतर घोरत होतास.”

वस्तरा थांबला. गिऱ्हाईक बिचारं श्वास धरून बसलं.

“पाचव्यांदा बघत होतो,” अध्यक्ष हळूच म्हणाला. “म्हटलं, आपल्याला पहिल्या चार वेळा कळला नसेल. मावशी, पंधरा वर्षं या माणसासाठी भांडतोय मी. लोकांना सांगतो, थांबा, पुढचा बघा. आता कुणाला काय सांगू? बाहेर बोलू नका हं.”

तिला त्याची कीव आली. पण कीव वेगळी आणि रिकाम्या थिएटरला भरलेलं म्हणणं वेगळं. “एका म्हाताऱ्या बाईला खोटं ठरवताना हे आठवलं नाही?” एवढं बोलून ती निघाली.

अध्यक्ष नाही. मग कोण? दुपारी तिने काकांकडून मंगळवारच्या खेळाचा नकाशा छापून घेतला. सगळ्या खुर्च्यांचे चौकोन, विकलेले काळे, राहिलेले पांढरे. काकांनी छापला, त्यावरून एकदा नजर फिरवली आणि दिला. “बघ, भरलेलं आहे,” ते म्हणाले.

तिने बघितलं. भरलेलंच होतं.

४

घरी तिने तो कागद स्वयंपाकघरात ओट्यावर पसरला आणि तासभर त्याच्याकडे बघत बसली. सून कांदा चिरत होती.

“आई, कांदा मी चिरतेय आणि डोळे तुमचे लाल झालेत.”

“काही दिसतच नाही गं यात. सगळं भरलेलं आहे. चारशेच्या चारशे काळे.”

सुनेने हात पुसले आणि वाकून बघितलं. ती या थिएटरात आयुष्यात दोनदा गेलेली, तेही सासूने फुकट सोडलं म्हणून. “सगळे कुठे? हे पाच पांढरे आहेत की.”

“कुठे?”

“हा एक मधे. हे दोन इकडे कडेला. आणि हे दोन सगळ्यात मागे.”

“अगं, त्या जागा नाहीतच मुळी,” टॉर्चबाई चटकन म्हणाली. “ही स्प्रिंगवाली. या दोन खांबाआड. मागच्या दोन्हींवर एसीचं पाणी गळतं. त्या कुणाला...”

ती बोलता बोलता थांबली.

“कुणाला काय?” सून म्हणाली. “कॉम्प्युटरला तर त्या जागाच वाटतायत ना?”

टॉर्चबाईने कागद उचलला आणि उजेडात धरला. बावीस वर्षं त्या पाच खुर्च्या मोजायच्याच नाहीत अशी डोळ्यांना सवय लागली होती, म्हणून तिला त्या दिसल्या नाहीत. आणि नकाशा हातात देणाऱ्यालाही दिसल्या नव्हत्या. ते म्हणाले होते, भरलेलं आहे.

“आई, काय झालं? जेवणार ना?”

“नको,” ती म्हणाली. “भूकच मेली माझी.”

५

गुरुवारी सकाळी नऊला, खिडकी उघडायच्या आधी, ती काकांच्या खोलीत गेली. खोली कसली, खुर्ची आणि कॉम्प्युटर मावेल एवढी फट. काका आत होते. इतक्या लवकर त्यांचं काही काम नसायचं.

तिने नकाशा समोर ठेवला आणि पाच पांढऱ्या चौकोनांवर एकेक बोट ठेवलं.

“परवा तीनशे शहाण्णव खोटी तिकिटं निघाली, काका. कुणी बसणारच नव्हतं. मग ही पाच का सोडली?”

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले. ते पांढरे चौकोन त्यांनाही आत्ताच दिसत होते.

“मोडक्या खुर्चीचं तिकीट कसं देणार गं?” ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

टॉर्चबाईला वाटत होतं आपण ओरडू. रडूच आलं. “तुम्ही? काका, तुम्ही?”

“टायवाला म्हणाला, सोमवार पडला तर पुढचा मोठा सिनेमा तुम्हाला नाही, त्याच्या पुढचाही नाही. मग मालक कुलूप लावणार. आपण सहा माणसं कुठे जायचं? तू कुठे जाणार होतीस? तिकिटं त्याच्या कंपनीची, पैसेही कंपनीचेच. बाहेरून एकदम घेतली की बुकिंगवाले पकडतात, म्हणून लोकांनी आधी काढलेली सोडून बाकीची सकाळी इथूनच, वेगवेगळ्या नावांनी, मोबाइलवरून काढल्यासारखी. मी कुणाचं काय चोरलं सांग?”

“मोठ्या बाई दोन दिवस या खिडकीशी आल्या. तुम्ही त्यांच्या तोंडावर म्हणालात, जागा नाही.”

काकांची मान खाली गेली.

“लोक आधीच वैतागलेत, काका. तेच तेच सिनेमे, वर हे आकडे, वर त्या पलटणींच्या शिव्या. तरी कुणीतरी चांगली साडी नेसून, बहिणीला घेऊन येतंच ना? त्यांनाच आपण परत पाठवायचं?”

“सही कर,” काका म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. “सही केलीस तर तूही राहशील, मीही राहीन. दोन वर्षं राहिलीत माझी. नाहीतर माझं नाव सांग. मी तुला अडवणार नाही.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती बाहेर आली. दिवसभर तिने तिकिटं फाडली आणि एकाही माणसाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

६

सहाला कचेरीत सगळे जमले होते. मालक, टायवाला, पलटणीच्या वतीने अध्यक्ष. मोठ्या बाईंना फोटो काढून टाकायला सांगण्यासाठी मुद्दाम बोलावलं होतं. त्या ताठ बसल्या होत्या. हिशेब लागलाच तर हाताशी असावेत म्हणून काका दाराशी उभे.

“करताय ना सही?” मालक म्हणाले.

“आधी हे बघा.” टॉर्चबाईने नकाशा पसरला. “काळे विकलेले, पांढरे शिल्लक. पांढरे किती?”

मालकांनी मोजले. “पाच. मग हाऊसफुल्लची पाटी कशी लागली?”

“त्या पाच खुर्च्या मोडक्या आहेत, मालक. एक टोचते, दोन खांबाआड, दोन ओल्या. तुम्हाला माहीत नाही, तुम्ही म्हणता एकूण एक फर्स्ट क्लास. म्हणजे तुम्ही काढली नाहीत. पलटणीला पुढच्या तीन रांगांपलीकडचं थिएटर ठाऊक नाही, म्हणजे त्यांनीही नाही. बाहेरच्या कुणी मोबाइलवरून काढली असती तर ही पाचही गेली असती. परवा संध्याकाळीच एक जण त्या स्प्रिंगवर बसून उठला. झाडणाऱ्या बाईला खुर्च्या माहीत आहेत, पण नंबर नाहीत. मग नंबरासकट कोण ओळखतं? ज्याने वर्षानुवर्षं ते तिकीट कुणाला विकलं नाही तो. खोटी तिकिटं काढतानासुद्धा ज्याचा हात ती काढायला धजला नाही, तो...”

पुढचं तिला बोलवेना. टायवाला पुढे झुकला. “बोला ना, मावशी. की तुम्हीच?”

“मी,” दारातून काका म्हणाले. “तिला त्यात ओढू नका. तिकिटं मी काढली. नावांची यादी या साहेबांनी माझ्या फोनवर पाठवली, सोमवारची आणि मंगळवारची. अजून आहे फोनमधे. बघायचीय?”

टायवाल्याचं गोड हसू पहिल्यांदाच कुठेतरी हरवलं. अध्यक्ष उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला.

“मला तर यादीचीही गरज नव्हती,” तो मोठ्या बाईंना म्हणाला. “मी आत होतो. अकरातला एक मी. तुमचा फोटो खरा आहे हे मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला नको नको ते बोललो. आज तिथेच लिहितो, माझ्या नावाने.”

“लिही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आणि ते हस्तक की काय म्हणालास, तेही परत घे.”

मालकांनी त्या पाच चौकोनांवरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी टाइप केलेला कागद उचलून फाडला. “शुक्रवारपासून तुमचा सिनेमा नको,” ते टायवाल्याला म्हणाले.

“मग पुढचाही मिळणार नाही.”

“नका देऊ. रिकाम्या खुर्च्या मला तुमच्याशिवायही मिळतात.”

टायवाला गेला. मालक काकांकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. “आणि तुम्ही. आजचा खेळ विका. उद्यापासून खिडकीवर येऊ नका.”

“मालक, त्यांनी स्वतःहून सांगितलं,” टॉर्चबाई म्हणाली. “थिएटर वाचावं म्हणूनच...”

“म्हणून तर नुसतं घरी पाठवतोय. तुम्ही उद्या वेळेवर या.”

साडेसहाचा खेळ. मोठ्या बाई खिडकीतून दोन तिकिटं घेऊन, बहिणीचा हात धरून दाराशी आल्या.

“बाई, सिनेमा वाईट आहे हो,” टॉर्चबाई पुटपुटली.

“वाईट की चांगला ते मला ठरवू दे. तेवढ्यासाठीच तर चार दिवस खेटे घालतेय.”

तेवीस माणसं आत गेली. जाहिराती संपल्या, दिवे मंदावले, दार लावायची वेळ झाली. तेवढ्यात खिडकीचं दार वाजलं आणि काका आले. खांद्याला पिशवी, हातात तिकीट. तीस वर्षांत त्यांनी एकही सिनेमा सुरुवातीपासून बघितला नव्हता. लोक आत जात असताना त्यांची खिडकी उघडीच असायची. आता काही घाई नव्हती.

त्यांनी तिकीट पुढे केलं. रांग अकरावी, मधली जागा, चांगली खुर्ची. त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं धाडस तिला होत नव्हतं.

“बरोबर केलंस तू,” काका म्हणाले. “फाड आता, नावांच्या पाट्या सुरू झाल्या असतील.”

तिने तिकीट फाडलं, अर्धं त्यांच्या हातात ठेवलं आणि टॉर्च पेटवली.

“चला काका,” ती म्हणाली, “जागा दाखवते,” आणि उजेड त्यांच्या पावलांपुढे धरून ती आत चालू लागली.